उघड्या डोळ्यांची प्रार्थना

"तुम्हाला कशाचं भ्या वाटतं?"

मास्तरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. शहराच्या छावणी भागातल्या आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ते खुर्चीवर बसले होते आणि समोरच्या बाकांवर आम्ही. नेपाळच्या डोंगरात अपंग मुलांचं एक घर होतं. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी चालवलेलं. आमच्या मंडळीतून दरवर्षी नाताळ आटोपला की काही जण तिथं सेवेला जायचे, मुलांना भरवायचे, धुवायचे, त्यांच्या हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे आणि तीन-चार आठवड्यांनी परत यायचे. माणसं निवडायचं काम मास्तरांकडं होतं, आणि निवडायची त्यांची पद्धत म्हणजे हा एकच प्रश्न.

माझ्या आधी तरुण संघाचा एक उंचापुरा मुलगा उभा राहिला होता. प्रभू सोबत असल्यावर आपल्याला कशाचीही भीती वाटत नाही, असं त्यानं छाती काढून सांगितलं. मागून दोघातिघांनी 'आमेन' म्हटलं. मास्तरांनी मान डोलावली, त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं. तो चांगला मुलगा होता. त्याला का नाकारलं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग माझी पाळी आली. मी तेव्हा गारखेड्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होते आणि घाबरट म्हणून घरात माझी ख्याती होती. खोटं बोलण्याची हिंमत नव्हती म्हणून मी खरं सांगितलं. पालीची भीती वाटते, लिफ्टची वाटते, मोठ्यानं बोलणाऱ्या माणसांची वाटते. आणि मग तोंडातून निघूनच गेलं की, त्या मुलांचीही वाटते. आपल्या हातून त्यांना काही होईल असं वाटतं.

शेजारी बसलेल्या आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"चालतंय," मास्तर म्हणाले. "हिचं नाव लिहा."

मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत भित्रा माणूस म्हणजे मास्तर. हे मी त्यांच्या माघारी म्हणते असं नाही, त्यांच्या तोंडावरही सगळे म्हणायचे. शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं हस्तकला शिकवली, आणि पोरांनी त्यांचं नाव 'भित्रे मास्तर' असं पाडलं होतं. जणू ते आडनावच. ते कन्नड तालुक्याकडचे. लग्न केलं नव्हतं. घरात एक अंथरुणाला खिळलेली बहीण होती, ती आम्हाला कळायला लागायच्या आधीच वारली, एवढंच आम्हाला माहीत होतं.

क्रांती चौक ते पायी ओलांडत नसत. एका बाजूला रिक्षात बसत आणि पलीकडं उतरत. एक म्हातारे रिक्षावाले चाचा त्यासाठी ठरलेले होते. मास्तर दिसले की ते लांबूनच विचारायचे, "क्या मास्टर, आज बी डर लगरा?" मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "व्हय, आज कालच्यापेक्षा जास्त." चाचा हसायचे आणि रिक्षा सुरू करायचे. आजूबाजूचे लोकही हसायचे. मास्तरांना त्याचं काही वाटायचं नाही. भीती लपवण्यात वेळ घालवावा असं त्यांना कधी वाटलंच नसावं.

पण त्यांची खरी भीती रहदारीची नव्हती. ती होती श्वासाची. माणूस जेवताना बोलला की मास्तरांचा चेहरा पांढरा पडायचा. लग्नाच्या पंगतीत ते स्वतः जेमतेम चार घास खायचे आणि बाकीचा वेळ इतरांच्या तोंडाकडं बघत बसायचे. कुणी जिलेबी तोंडात ठेवून मागं रेलला की पंगतीच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "सरळ बसा, सरळ बसा." व्याही मंडळी चमकून बघायची. नवरदेवांनासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. पोराला हसवत भरवणाऱ्या आया तर त्यांना बघून पदराआड व्हायच्या.

कुणी झोपलेलं दिसलं की ते त्याच्या नाकाखाली हात धरायचे. हे मी ऐकून होते, पण त्या वर्षी गोरखपूरच्या गाडीत प्रत्यक्ष पाहिलं. मनमाड सुटलं, अंधार पडला, माणसं पांघरुणं घेऊन आडवी झाली आणि मास्तर उठले. आमच्यातल्या प्रत्येकाच्या नाकाखाली हात धरून झाला, मग ओळखीचे-अनोळखी असा भेद न ठेवता ते पुढं सरकले. वरच्या बाकावर मिशीवाला एक फौजी झोपला होता. त्याला जाग आली. आपल्या नाकासमोर कुणाचा तरी पंजा बघून तो ताडकन उठून बसला आणि त्यानं मास्तरांचं मनगट पकडलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "चालू हाय. झोपा." फौजीला मराठी येत नव्हती. तरी त्यानं हात सोडला.

सगळ्यात मोठी पंचाईत चर्चमध्ये व्हायची. मास्तर प्रार्थनेत डोळे मिटत नसत. पहिल्या बाकावर भिंतीला पाठ लावून, मंडळीकडं तोंड करून आडवे बसायचे. पाळकसाहेब म्हणायचे, आपण डोळे मिटू या, आणि दीडशे माणसं डोळे मिटायची. मास्तरांची नजर मात्र बाकांवरून फिरत राहायची. लहानपणी मी एकदा चोरून डोळे उघडले तर ते माझ्याकडंच बघत होते. मी दचकून पुन्हा मिटले आणि कितीतरी दिवस मला वाटायचं, देव असाच दिसत असणार.

पाळकसाहेबांनी त्यांना समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. निदान देवाच्या घरात तरी रीत पाळा म्हणाले. त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं.

"तुम्ही मिटा साहेब. मी हाय जागा."

जायच्या आधी कितीतरी शनिवार त्यांनी आमच्याकडून हॉलमध्ये तयारी करून घेतली. तयारी म्हणजे काय, तर आम्हाला घाबरवणं. हात ओढणीनं बांधायचे, सतरंजीवर उताणं झोपवायचं आणि दुसऱ्यानं चमच्यानं पातळ पेज भरवायची, तीही भरवणाऱ्यानं भलतीकडं बघत. मला भरवायला माझीच मैत्रीण होती, तरी तिसऱ्या चमच्याला पेज गळ्यात भलतीकडं गेली. हात बांधलेले, मान उचलता येत नाही, खोकला येतोय पण बाहेर पडत नाही. तो एक क्षण मी अजून विसरलेले नाही. मास्तरांनी मला उठवून बसवलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "हे ध्यानात ठेवा. त्या लेकरांचे हात रोजच बांधलेले असतेत."

मग शिकवायचे. मुलाला आधी सरळ बसवायचं. हनुवटी किंचित खाली. आपण उभं राहून नाही, त्याच्या समोर बसून भरवायचं. अर्धा चमचा. गळा हलला, घास खाली गेला हे दिसलं की मगच पुढचा. आणि भरवून झालं की तोंड उघडून आत बघायचं, गालात काही राहिलं का. कोरडं, कडक, चुऱ्याचं काही एक द्यायचं नाही. कितीही माया आली तरी नाही. 'माया' हा शब्द ते असा उच्चारायचे, जणू त्या खोलीत साप निघालाय.

आमच्यात एकच जण न घाबरणारी होती. एस्तेर. पाळकसाहेबांची भाची, शाळेत खेळ शिकवायची, लुना अशी पळवायची की लोक रस्त्याच्या कडेला व्हायचे. मास्तरांच्या प्रश्नाला तिनं हसून सांगितलं होतं की, भीती कशाला म्हणतात ते आपल्याला माहीतच नाही. मास्तरांनी तिलाही चहा पाजून घरी पाठवलं होतं. पण पाळकसाहेबांनी शब्द टाकला. शब्द टाकताना आणखी एक गोष्ट मागून घेतली. तिथं परक्या देशात, परक्या मंडळीपुढं आपल्या चर्चची शोभा करू नका, तिथं तरी प्रार्थनेत डोळे मिटा. दोन्ही गोष्टींना मास्तर हो म्हणाले. मोठ्या माणसाला सारखं नाही म्हणायचीही त्यांना भीती वाटायची.

ते घर डोंगराच्या उतारावर होतं. खाली दरी, समोर ढग, आणि एवढी थंडी की सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवत नसे. घर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे दिदी म्हणायचे. आमच्याशी त्या हिंदीत बोलायच्या. माझ्या वाट्याला कमल आला. वयानं सहा-सात वर्षांचा असेल, पण उचलला तर कडेवर मावायचा. अंग लाकडासारखं ताठ, मान एका बाजूला कललेली, आणि हसू मात्र अख्ख्या चेहऱ्यावर. आवाज येत नसे. हसायचा तोही बिनआवाजी.

मला त्याची भीती वाटायची आणि तो मला फार आवडायचा. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात हे मला तिथं कळलं. एक वाटी खिचडी भरवायला मला सगळ्यांच्या दुप्पट वेळ लागायचा. गळा हलला असं दिसलं तरी मला खरं वाटायचं नाही, मी थांबायचे. रात्री पडल्यावर डोळ्यांपुढं तो गळा वर-खाली होत राहायचा. एस्तेरची दोन मुलं तोवर खाऊन, तोंड पुसून, उन्हात जाऊन बसलेली असायची. तिचे हात खरंच चांगले होते. मुलं तिच्यावर खूश होती.

आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी दिदींनी सगळ्यांचं एकत्र जेवण ठेवलं. खालच्या गावातली वडीलधारी मंडळीही पहिल्यांदाच आली होती. एरवी आम्ही आपापल्या मुलापाशीच मनातल्या मनात प्रार्थना करून भरवायला बसायचो. मोठ्या खोलीत जमिनीवर पंगत बसली. मुलं आपापल्या लाकडी खुर्च्यांत सरळ बसवलेली, प्रत्येकासमोर त्याचं माणूस. आईनं नाताळचा फराळ डब्यात भरून दिला होता. त्यातल्या शंकरपाळ्या मोठ्या माणसांच्या ताटांत वाढायला एस्तेर डबा घेऊन फिरत होती.

कमलनं तो डबा बघितला. मान वळत नसली तरी त्याचे डोळे डब्याबरोबर खोलीभर फिरले. एस्तेर त्याच्यापाशी आली, वाकली. मी त्याच्या गळ्याला बांधायचा टॉवेल घ्यायला मागच्या खुंटीकडं वळले होते, म्हणून मला ते दिसलं नाही. तिनं शंकरपाळीचा एक तुकडा मोडला आणि त्याच्या जिभेवर ठेवला. विरघळेल तोंडात, असं तिला वाटलं. आमच्याकडं नाताळात कुठलंही लेकरू डब्याकडं बघत राहिलं तर त्याच्या तोंडात काहीतरी पडतंच. कुणीही तेच केलं असतं.

तेवढ्यात दिदी म्हणाल्या, प्रार्थना करू या, आणि मास्तरांना पुढं व्हायला सांगितलं.

आमच्या लोकांना प्रार्थना म्हटलं की जे चाललं असेल ते तिथंच थांबवायची सवय आहे. चमचा वाटीत, हात जोडलेले, डोळे मिटलेले, बोलणं अर्ध्यावर तोडलेलं. तोंडात घास असेल तर तो तोंडातच थांबतो. खालच्या गावच्या मंडळींनी तर गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोळे झाकले. मास्तर उभे राहिले. त्यांनी एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, पाळकसाहेबांना दिलेला शब्द त्यांना आठवला असणार, आणि त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना डोळे मिटलेलं पहिल्यांदाच बघत होते. त्यांचा चेहरा एकदम परका वाटला, आणि त्याचीच मला इतकी भीती वाटली की मी माझे मिटलेच नाहीत.

प्रार्थना लांबत गेली. अन्नासाठी आभार, घरासाठी आभार. मी टॉवेल घेऊन कमलच्या समोर बसले. त्याचं तोंड उघडं होतं. नेहमीच असायचं. डोळे मोठे झाले होते. मला आधी वाटलं हसतोय, कारण आवाज नव्हता आणि त्याच्या हसण्यालाही आवाज नसायचा. मग त्याचे ओठ दिसले. ओठांचा रंग बदलत होता. आणि गळा, ज्याच्याकडं मी इतके दिवस बघत आले होते, तो गळा हलत नव्हता.

इतक्या माणसांच्या मधोमध ते मूल गुदमरत होतं आणि कुणालाच दिसत नव्हतं.

मी "मास्तर" म्हटलं. मला वाटलं मी ओरडले, पण बाकीचे म्हणतात, मी अगदी हळू बोलले. मास्तरांनी देवाचं नाव अर्ध्यावर सोडलं. ताटं, वाट्या, गुडघे टेकलेली माणसं, सगळ्यांवरून ते आले. कमलला खुर्चीतून उपसून त्यांनी मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं थापा मारल्या. एक थाप, दुसरी, आणखी एक. काही होईना. मास्तर तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. प्रार्थना असेल असं मला वाटलं, पण जवळ गेल्यावर ऐकू आलं. ते म्हणत होते, "लहाने, श्वास घे. लहाने, श्वास घे."

पुढच्या थापेला तुकडा बाहेर पडला. एवढासा होता. मग काही क्षण काहीच नाही, आणि मग कमल खोकला. खोकला आणि रडला, आवाज काढून रडला. असा आवाज त्याच्या अंगात आहे हे दिदींनासुद्धा माहीत नव्हतं.

दुपारी ऊन उतरलं तेव्हा मास्तर बाहेरच्या पायरीवर बसले होते. हात मांडीखाली दाबून धरले होते. मी कमलला कुशीत घेऊन शेजारी बसले. एस्तेर येऊन समोर उभी राहिली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. मी उद्याची वाट बघत नाही, आत्ताच्या बसनं खाली जाते, मी पुन्हा कुठल्याच लेकराला हात लावणार नाही, असं ती म्हणाली. मास्तरांनी तिला खाली बसायला सांगितलं. मग दरीकडं बघत बोलायला लागले.

"निजामाच्या राज्यात पोलीस अ‍ॅक्शन झाली ना, त्या टायमाची गोष्ट हाय. मी सात-आठ वर्षांचा. गावात कुणी म्हणे हे येतेत, कुणी म्हणे ते येतेत. समदे पळाले. माय मला अन् लहानीला घेऊन बाजरीत लपली. लहानी म्हंजी माझी बहीण, तान्ही होती. रस्त्यानं कायतरी वाजाया लागलं. लहानी रडाया लागली, तर मायनं तिच्या तोंडावर हात ठेवला. अन् डोळे मिटून देवाचा धावा केला. लई मनापासून केला."

त्यांनी मांडीखालचा एक हात काढून कमलच्या नाकाखाली धरला.

"मी बघत होतो. लहानीचे पाय हलत होते, मग हलायचे थांबले. म्या मायला हाक मारली नाय. मला भ्या वाटलं, बोललो तर ते येतील. मायनं डोळे उघडले तवा पोर निळी झालती. जगली ती. पण पुन्हा कधी बसली नाय, बोलली नाय. मी भरवायचो तिला."

एस्तेरनं विचारलं, रस्त्यानं कोण आलं होतं.

"बैलगाडी होती म्हणतेत. आमच्यासारखीच कुणी भिऊन पळणारी माणसं असतील."

पायरीवरचं ऊन गेलं. आतून दिदी संध्याकाळच्या जेवणाची वाटी घेऊन आल्या. कमलसाठी पातळ केलेला डाळभात. मी हात पुढं केला, पण मास्तरांनी वाटी माझ्याकडं येऊ दिली नाही. त्यांनी ती एस्तेरपुढं धरली. तिनं हात मागं घेतले.

"भ्या वाटतंय?" मास्तरांनी विचारलं.

ती नुसतं मान हलवून हो म्हणाली.

"मग आता तुम्ही कामाच्या झालात. घ्या चमचा."

तिनं कमलला सरळ बसवलं. हनुवटी खाली केली. अर्धा चमचा दिला आणि त्याच्या गळ्याकडं बघत थांबली. इतकी थांबली की भात गार झाला. कमल तिच्याकडं बघून बिनआवाजी हसत होता. ती वाटी संपायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, पण मास्तर उठले नाहीत आणि मीही नाही.

परत आल्यावर पाळकसाहेबांना सगळं कळलं. त्यांनी मास्तरांना पुन्हा कधी डोळे मिटायला सांगितलं नाही. एस्तेर पुढं कितीतरी वर्षं गटाबरोबर जात राहिली. मास्तर थकल्यावर त्यांची खुर्ची तिच्याकडं आली, आणि तीही नवीन पोरांना तोच प्रश्न विचारायची. मी लग्न होऊन शहरातच राहिले, दोन मुलं वाढवली. माझी मुलं म्हणतात की, आईनं आम्हाला कधी हसत हसत भरवलं नाही. खरं आहे.

मास्तर गेले ते झोपेत गेले. नाकाखाली हात धरायला जवळ कुणी नव्हतं. चर्चमध्ये शवपेटी ठेवली होती. दर्शनाला रांग लागली होती, रिक्षावाल्या चाचांचा मुलगाही आला होता. माझी पाळी आली आणि मी वाकले, तर माझा हात नकळत त्यांच्या नाकाखाली गेला. मागच्या बाईला वाटलं मी फूल ठेवतेय. मी थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग जागेवर येऊन बसले.

नवे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना मास्तरांचं फारसं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, आपण डोळे मिटू या. सगळ्यांनी मिटले. पहिल्या बाकावरची भिंतीलगतची जागा रिकामी होती. मी समोर बघितलं तर एस्तेर पलीकडच्या रांगेत बसली होती, केस पांढरे झालेले, हात जोडलेले, डोळे उघडे. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या नजरेच्या रोखानं मी पाहिलं.

पुढच्या बाकावर एका आजीच्या मांडीवर चार वर्षांचं पोर मागं रेलून पडलं होतं, आणि त्याच्या गालात लिमलेटची गोळी होती. आजीचे डोळे मिटलेले होते. आमेन होईपर्यंत आम्ही दोघी त्या गोळीकडं बघत राहिलो.